वहीत न येणारं जेवण

मी आहारतज्ज्ञ आहे असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग, सभ्य असला तर घाईघाईनं आणि नसला तर सावकाश, माझ्या कमरेकडे. पुण्यात सावकाश बघणारे जास्त. नारायण पेठेतल्या माझ्या पहिल्यावहिल्या खोलीत एक निवृत्त गृहस्थ आले होते. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाले, "बाई, हे तुम्ही स्वतः करून पाहिलंय, की पहिला प्रयोग आमच्यावरच?" मी थायरॉइडचं कारण पुढे केलं. माझा थायरॉइड तेव्हाही ठणठणीत होता आणि आजही आहे. वजन नेमकं कशानं वाढतंय हे मला माहीत नव्हतं, एवढंच. ते मला हडपसरच्या एका हॉटेलात कळलं, आणि ज्यांच्यामुळे कळलं ते माझ्याकडे शिकायला आले होते.

दिवाळी अंकात कॅलरीबद्दल लिहिणं म्हणजे लग्नात जाऊन घटस्फोटाचे कायदे समजावून सांगण्यासारखं आहे, याची मला कल्पना आहे. तरी ज्यांच्या मांडीवर चकलीचा डबा असेल त्यांनी तो बाजूला ठेवू नये. लिहिताना मीही ठेवलेला नाही.

आधी धंदा थोडक्यात सांगते. नव्वदीच्या सुरुवातीला मी काम सुरू केलं तेव्हा माझ्याकडे येणारी माणसं डॉक्टरांनी पाठवलेली असत आणि चेहऱ्यावर शिक्षा झाल्याचा भाव असे. मी कार्बन पेपर घालून तक्ता लिहायची. एक प्रत त्यांना, एक मला. सकाळी अमुक, दुपारी दोन फुलके, एक वाटी वरण. त्या तक्त्यात हॉटेल नावाचा रकानाच नव्हता, कारण हॉटेल म्हणजे महिन्यातून एखाद्या रविवारी डोसा, तोही पाहुणे आले तर. "बाहेरचं खाऊ नका" या तीन शब्दांत सगळा विषय संपायचा.

मग दहा वर्षांत शहर बदललं. कंपन्या आल्या, काचेच्या इमारती आल्या, पगार आले आणि घरी परतायच्या वेळा गेल्या. "बाहेरचं खाऊ नका" म्हटलं की समोरची मुलगी शांतपणे विचारायची, "मग आत कोण करणार, मॅडम?" यवतमाळहून आलेला एक संगणकवाला तरुण होता. त्यानं कॉम्प्युटरवर कॅलरींचा तक्ताच बनवला होता, खाली आपोआप बेरीज. आठवडाभर दुपारचं जेवण टाळायचा आणि शुक्रवारी बुफेवर तुटून पडायचा. म्हणे, "मॅडम, आठवडाभर साठवून ठेवतो, शुक्रवारी काढतो. टोटल बरोबर येते." त्याला शरीर हे शरीर आहे, बँक नाही, हे समजावण्यात माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

तेव्हा हॉटेल शिकणं भाग पडलं. पुस्तकात फुलक्याचं वजन मिळतं, हॉटेलच्या रोटीचं मिळत नाही. मी पर्समध्ये छोटा वजनकाटा आणि एक झाकणाची वाटी घेऊन हॉटेलांत जाऊ लागले. सोबत नवरा. अरविंद माझ्या सगळ्या संशोधनात सहभागी असे, फक्त वजन करायच्या आधी नमुना खाऊ नकोस एवढं त्याला सांगावं लागे. भाजी आली की मी ती माझ्या वाटीत काढायची, वर तरंगणारं तेल चमच्यानं वेगळं करायची, तोलायची. चहाचा एक चमचा तेल म्हणजे पंचेचाळीस कॅलरी हे पाठ असलेल्या बाईला, दोघांच्या भाजीवर सहा-सात चमचे तेल तरंगताना पाहून काय वाटतं हे सांगता येणार नाही. बरं, भाजी चवदार असायची.

लोक मला अन्नखात्याची तपासनीस समजायचे. एका हॉटेलात तर मालक स्वतः गुलाबजामची बशी घेऊन आला आणि "मॅडम, काही कमी-जास्त असेल तर सांभाळून घ्या" म्हणाला. पेठेतला मालक वेगळा. मिसळीच्या रश्शात तेल किती घालता असं मी विचारलं, तर गल्ल्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "आम्ही घालतो. मोजत नाही. मोजायची हौस असेल त्यांनी घरी करावी." अरविंदला तो मालक अजून आवडतो.

या सगळ्या खटाटोपातून माझी एक पद्धत तयार झाली. हॉटेलात भाजी सगळ्यांत मिळून एका भांड्यात येते, आणि माणूस बोलता बोलता त्यातून पाच वेळा वाढून घेतो. पाचही वेळा त्याला वाटतं, थोडंसंच घेतलं. म्हणून माझा नियम: ताटात एकदाच वाढून घ्यायचं, सगळं एकदम. मग भांडी हाताच्या टप्प्याबाहेर सरकवायची. आणि जे खाल्लं ते खिशातल्या छोट्या वहीत लिहायचं. वहीत तीन रकाने मी स्वतः आखून द्यायची: वेळ, काय खाल्लं, किती. या वहीचा मला फार अभिमान होता. परिसंवादांत मी ती उंच धरून दाखवत असे.

त्याच दिवसांत नाना आले.

नाना हडपसरचे. घरची शेती. गाव शहरात आलं तसं थोडं रान रस्त्यात गेलं, थोडं विकलं, उरलेल्यावर इमारती झाल्या. साठीचे, उंच, पांढरे कपडे, गळ्यात तुळशीची माळ. बोलताना मान जरा डावीकडे झुकवून बघायची ढब. सोबत त्यांच्या पत्नी, मालनकाकू. काकूंनी पिशवीतून रिपोर्टांची जाड फाइल काढून टेबलावर ठेवली आणि एका वाक्यात सगळं सांगितलं.

"साखरंनं ह्यांचा डावा डोळा गेला, ताई. उजवा ऱ्हायलाय, तेवढा वाचवा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उजव्या डोळ्याच्या पडद्यालाही सुरुवात झाली आहे. लेझर करता येईल, पण साखर अशीच राहिली तर लेझर किती टिकेल याची खात्री नाही. तीन महिन्यांत साखर खाली आणा, मग बघू. आमच्यात एक रक्ततपासणी असते, ती गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. एक दिवस उपाशी राहून तिला फसवता येत नाही. नानांचा तो आकडा वाईट होता.

"बाहेर किती वेळा जेवता?" मी विचारलं.

"रोज," नाना म्हणाले.

"रोज?"

"दुपारचं. त्येला इलाज न्हाई."

इलाज का नाही हे काकूंनी सांगितलं. गावात पिंपळाचा पार होता. भावाभावांची वाटणी, बांधाची भांडणं, सोयरिकी, सगळं त्या पारावर नानांसमोर चालायचं. रस्ता रुंद झाला तेव्हा पार गेला. माणसं उन्हात कुठे बसणार? ती समोरच्या हॉटेलात बसू लागली. ते हॉटेल ज्या जागेवर उभं होतं ती नानांचीच, भाड्यानं दिलेली. हॉटेल चालवणारे अण्णा मंगळूरकडचे. नानांसाठी कोपऱ्यातलं मोठं टेबल कायम राखलेलं. लोक कागद घेऊन येत, नाना ऐकून घेत, निवाडा करत आणि सगळ्यांना जेवू घालत. यजमान जेवला नाही तर पाहुणा हात कसा लावणार?

"आन एक," नाना आवाज खाली आणून म्हणाले, "डोळ्याचं कुनाला ठावं न्हाई. ठावं व्हायला नको. कागद वाचता येत न्हाई त्या मानसाकडं कागद घेऊन कोन येनार?"

मी त्यांना "बाहेरचं खाऊ नका" म्हटलं नाही. आता मी हॉटेल शिकलेली बाई होते. मी त्यांना माझा नियम सांगितला, वही दिली. नानांनी वही खिशात अशी ठेवली की जणू सातबाराच.

नाना दर पंधरवड्याला यायचे. वही आदर्श होती. 'दुपार. रोटी १. भाजी १ वाटी. वरण १ वाटी. भात न्हाई. गोड न्हाई. ताक.' रोज हेच, रोज एवढंच. घरीसुद्धा दोनाची एक भाकरी झाली होती. काकूंनी तसं शपथेवर सांगितलं. मी ती वही माझ्या इतर पेशंटांना दाखवायची. "बघा, शेतकरी माणूस, रोज हॉटेलात जेवतो, आणि बघा."

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आकडा खाली आला नव्हता. किंचित वरच गेला होता.

आता जे सांगते आहे ते मला आवडत नाही, पण अनुभव लिहायचा तर तो अर्धा लिहून चालत नाही. मी वही नानांसमोर टाकली आणि म्हणाले, "नाना, वहीला फसवता येतं. रक्ताला नाही."

नानांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग उठले.

"खोटं लिव्हायचं असतं तर ताई, वही कशाला केली असती? तोंडी सांगितलं असतं." मग काकूंना म्हणाले, "चल गं."

काकू दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "ते खोटं बोलत न्हाईत," एवढंच म्हणाल्या. रागानं नाही. पत्ता चुकलेल्या माणसाला सांगावं तसं.

वही टेबलावरच राहिली. संध्याकाळी ती चाळताना माझ्या लक्षात आलं ते तीन महिन्यांपूर्वीच यायला हवं होतं. पहिल्या पानावर नानांनी पाच दिवसांची जेवणं लिहिली होती. महिन्याभरानं एका पानावर तीन दिवस मावत होते. शेवटच्या पानावर एकच दुपार होती. अक्षरं शाळेतल्या फळ्यावरच्यासारखी मोठी, आणि रेघ सोडून खाली घसरलेली. मी दर पंधरवड्याला वाट्या मोजत होते. अक्षर मोठं होत चाललंय हे माझ्या दोन धडधाकट डोळ्यांना दिसलं नव्हतं.

मी फोन केला. नाना फोनवर आले नाहीत. तीन आठवडे गेले आणि मग त्यांचाच फोन आला.

"गुरुवारी दुपारी हाटेलात या. जेवायला. समोर बसून बघा काय खातो त्ये. आन मग बोला."

मी गेले. टेबलावर नाना, त्यांचे चुलतभाऊ बबनराव आणि आणखी चौघं. कुणाच्या तरी कुंपणाच्या भिंतीचा वाद होता. माझी ओळख "पेठेतल्या ताई" एवढीच करून दिली गेली. नानांनी अण्णांना खूण केली. "पनीरची येऊ दे, काजूची येऊ दे, दाल, जिरा राइस तीन, रोट्या येऊ दे, आन शेवटाला गुलाबजाम." सात माणसांना बारा जणांचं जेवण आलं.

मी नानांच्या ताटावरून नजर हलवली नाही. एक रोटी. एकदाच वाढून घेतलेली भाजी, वाटीभर. वाटीभर दाल. भात नाही. भांडी लांब सरकवली, अगदी मी शिकवलं होतं तशी. गुलाबजाम फिरला तेव्हा ताटावर हात आडवा धरला. मला लाज वाटली. हा माणूस खरं लिहीत होता. चूक रक्ताची होती, लॅबची होती, कुणाचीही होती, पण यांची नव्हती. जेवण झालं, भिंतीचा निवाडा झाला, माणसं हात धुऊन उठली. मीही उठले. नानांना "मला माफ करा" म्हटलं, त्यांनी "असू दे" म्हटलं, आणि मी स्कूटरपाशी आले.

पुण्यात स्कूटर चालवणारी बाई पर्स विसरेल, पण स्कार्फ विसरणार नाही. मी विसरले होते. म्हणून परत गेले.

टेबलावर नाना एकटेच होते. सगळी भांडी त्यांच्यापुढे होती. पनीरच्या भांड्यातला रस्सा त्यांनी भातावर ओतला, वर काजूची भाजी, वर उरलेली दाल. टोपलीतल्या गार रोट्यांचे तुकडे करून ते भांड्याच्या कडा पुसून घेत होते. शांतपणे, एकामागून एक, गोठा झाडावा तसे. चवीनं खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे असतं त्यातलं काहीच तिथे नव्हतं. शेवटी बशीतले दोन गुलाबजाम. तेही.

"नाना!"

"काय राहिलं, ताई?" ते सहज म्हणाले.

"तुम्ही हे काय करताय?"

"आवरतोय."

"आवरताय? अहो, जेवताय तुम्ही!"

नानांना माझा प्रश्नच कळेना. "जेवलो की मगाशी. तुमच्यासमोरच जेवलो. हे उरलेलं हाय."

मागून अण्णा कौतुकानं म्हणाले, "मॅडम, नाना रोज असंच करतात. नानांच्या टेबलवरून एक शीत परत येत नाही. आमच्या भांडीवाल्या बायका नानांना आशीर्वाद देतात."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.  नाना खोटं लिहीत नव्हते. माझ्या वहीत रकाना होता 'काय खाल्लं'. नानांनी जे खाल्लं ते लिहिलं होतं. यजमानानं पाहुणे उठल्यावर अन्न वाया जाऊ न देणं हे खाणं नव्हतंच. ते काम होतं. शेतकऱ्यानं संध्याकाळी पाणी बंद केलं का, हे कुणी वहीत लिहितं का?

"नाना, हे टाकून द्यायचं. राहू द्यायचं तसंच."

त्यांनी माझ्याकडे मान झुकवून पाहिलं. "ताई, हितं माझा कांदा होता. तुमी बसलाय तितं वाफा होता. पार्किंग हाय त्येच्याखाली इहीर. जमीन इकली त्ये इकली. आता त्याच रानात बसून अन्न टाकू?"

मी खुर्चीवरचा स्कार्फ उचलला आणि निघाले. 

घरी आले. त्या दिवशी पिठलं-भात होता. जेवणं झाली, मुलगी ताटात अर्धी पोळी ठेवून उठली, मुलानं भात ठेवला, कढईच्या तळाशी पिठल्याची खरवड होती. मी उभ्या उभ्या ओट्यापाशी मुलीची पोळी पिठल्याच्या कढईत फिरवली आणि तोंडात घातली. मग हात थांबला.

"अरविंद," मी म्हटलं, "मी हे रोज करते?"

अरविंदनं पेपर खाली केला. "लग्न झाल्यापासून."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"तू आहारतज्ज्ञ आहेस," तो म्हणाला. "मला वाटलं, औषधी असेल."

मी स्वतःसाठीसुद्धा वही लिहीत असे. सात वर्षं. तिच्यात एकही अर्धी पोळी नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी हडपसरला नानांच्या घरी गेले. उपाय सोपा होता, निदान कागदावर: कमी मागवायचं. उरलंच नाही तर आवरायचं काय? नानांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. सात माणसांत दोन भाज्या मागवायच्या? लोक म्हणतील, जमिनीचा पैसा संपला, नाना हात आखडायला लागला. मी म्हटलं, मग उरलेलं बांधून घरी आणा. त्यावर तर ते खुर्चीतून अर्धे उठले. नानांनी हॉटेलातून डबा बांधून न्यायचा? रस्त्यानं? लोक काय म्हणतील?

मालनकाकू तोवर चुलीकडे तोंड करून ऐकत होत्या. आता वळल्या.

"लोकं काय म्हणत्यात त्ये ऱ्हाऊ द्या. लोकं दिसत्याल का, त्ये बघा."

 नाना बराच वेळ टोपीची कड चाचपत बसले. मग मला म्हणाले, "परवा दुपारी या. तुमी आसल्याबिगर माझी जीभ उचलायची न्हाई."

त्या दुपारी टेबल भरलेलं होतं. बबनराव, नेहमीची मंडळी, आणि पहिल्यांदाच मालनकाकू. अण्णा ऑर्डर घ्यायला आले तशी नानांनी हातानं थांबवलं.

"आधी ऐका. माझा डावा डोळा गेलाय. दीड वर्स झालं. उजवा बी चाललाय. कागद मला वाचता येत न्हाई. ज्येला दुसरीकडं जायचं त्येनं खुशाल जावं. आन माझ्याच्यानं आता तुमचं उरलेलं आवरायचं व्हनार न्हाई. साखर वाढती. एक भाजी येईल. ती संपली तर दुसरी. ज्येला कमी वाटंल त्येनं घरी जेवून यावं."

बबनराव नानांकडे रोखून बघत होते.

"म्हंजी तू मान वाकडी करून बघतोस त्ये..."

"डोळ्यानं."

"आमाला वाटायचं, तोऱ्यानं."

कुणीतरी हसू दाबलं. बबनरावांना मात्र दुसरंच आठवलं होतं. "आन मागल्या साली माझ्या बांधाचा नकाशा बघितलास, त्यो?"

"दिसला न्हाई."

"न बघता निकाल दिलास?"

"उभा जलम नांगर धरलाय त्या बांधाच्या कडंनं. नकाशा कशाला लागतो? निकाल बरोबर होता का न्हवता?"

 "होता," बबनराव म्हणाले. "म्हनून तर तुज्यावर राग हाय." आणि मग सगळं टेबल हसलं. मालनकाकू पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळेही त्याच पदरानं पुसत होत्या. त्या दिवसापासून लोक कागद मोठ्यानं वाचून दाखवू लागले. कुणीही दुसरीकडे गेलं नाही. बबनरावांना वाचनाचा फार कंटाळा, पण सगळ्यात जास्त तेच वाचत.

तरी त्या दुपारी अर्धी वाटी दाल उरलीच. सगळ्यांच्या ते लक्षात आलं. माझ्या तर आलंच. नानांचा उजवा हात टेबलावर होता, तो त्यांनी खाली मांडीवर घेतला. त्यावर डावा हात ठेवला, लहान मुलाचा धरून ठेवावा तसा. वेटरनं वाटी उचलली तेव्हा नानांनी त्या वाटीला मानेनं नमस्कार केला. कुणी हसलं नाही.

पुढे साखर खाली आली. एकदम नाही, पण आली. लेझर झालं, दोनदा. मी माझ्या वहीत चौथा रकाना आखला: 'काय संपवलं'. नव्या पेशंटांना तो दाखवला की पुरुष बुचकळ्यात पडतात आणि बायका गप्प होतात. त्या रकान्यानं माझ्या खोलीत जेवढी गुपितं बाहेर काढली तेवढी कुठल्याही रक्ततपासणीनं काढली नसतील. माझं स्वतःचं वजन त्या वर्षी सहा किलो उतरलं. नंतर त्यातलं चार परत आलं, कारण मुलगा बारावीला गेला आणि ताटात जास्तच टाकायला लागला. पण आता निदान थायरॉइडला दोष देत नाही.

वर्षभरानं डोळ्यांच्या तपासणीला नाना मला सोबत घेऊन गेले. काकूंच्या गुडघ्यानं असहकार पुकारला होता. उजव्या डोळ्यानं नानांनी तक्त्यावरच्या पाच ओळी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकेल. जे गेलं ते येणार नाही, पण हे टिकेल.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "नाना, मी तुम्हाला खोटारडं ठरवलं नसतं, पहिल्या महिन्यातच नीट बघितलं असतं, तर आणखी एखादी ओळ राहिली असती." हे मला वर्षभर म्हणायचं होतं.

"तुमी खोटं म्हनालात म्हनून तर राग आला," नाना म्हणाले. "राग आला म्हनून जेवायला बोलावलं. ग्वाड बोलला असतात तर मी कशाला बोलावतो?" आणि मग, विषय संपला हे सांगायला, "चला. च्या घेऊ."

दवाखान्यासमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. दोन चहा आणि दोघांत एक डोसा. नानांनी बरोबर अर्धा केला, जमीन मोजून वाटावी तसा. मी माझा खाल्ला, त्यांनी त्यांचा. नाना मुळात भुकेले नव्हते. त्यांच्या बाजूला डोशाचा एक तुकडा राहिला, बोटभर, कडेचा, चांगला खरपूस. शेजारी चमचाभर चटणी.

आम्ही दोघंही चहा पीत होतो आणि दोघंही त्या तुकड्याकडे बघत होतो.  माझा हात एकदा बशीपर्यंत गेला आणि मी तो साखरेच्या भांड्याकडे वळवला, जशी काही मला साखरच हवी होती. नानांनी ते पाहिलं.

वेटर आला. "उचलू का?"

नानांनी मान हळूच उजवीकडे फिरवली, प्लेट बरोबर गेलेल्या डाव्या डोळ्याच्या बाजूला येईल अशा बेतानं, आणि म्हणाले, "उचल."

मला ती सोय नव्हती. मी तो तुकडा पार आतल्या मोरीपर्यंत जाताना पाहिला.